साथीच्या काळातली मोकळी जागा

साथीच्या काळात मोकळ्या जागेची किंमत तिच्या आकारापेक्षा घरापासूनच्या अंतरावर ठरते. भाईंदर पूर्वेतले गोडदेव हे याचे बोलके उदाहरण. हे जुने गाव आता इमारतींच्या गराड्यात आहे. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदर महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. उत्तनचा किनारा याच महापालिकेच्या हद्दीत येतो. पण तो रेल्वेपलीकडे, दूर खाडी-समुद्राच्या बाजूला.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे टाळेबंदी लागली आणि उद्याने, मैदाने, चौपाट्या बंद झाल्या. विषाणू कोंदट, बंदिस्त खोल्यांत अधिक सहज पसरतो, हे पुढे स्पष्ट झाले. सुरुवातीला मात्र भर होता पृष्ठभागांवर आणि गर्दीवर. त्यामुळे बाक, झोपाळा, कठडा संशयास्पद ठरले. दुकानांपुढे चुन्याची वर्तुळे आली. ऊन तापले की लोक वर्तुळात पिशवी ठेवून नंबर लावत आणि स्वतः सावलीत दाटीने उभे राहत. नियम पाळला जाई, हेतू मात्र बाजूला राही.

टाळेबंदी सैल करणाऱ्या राज्य सरकारच्या ‘मिशन बिगिन अगेन’ आदेशाने ३ जून २०२० पासून पहाटे ५ ते संध्याकाळी ७ या वेळेत चालणे, धावणे, सायकल चालवणे यांना मुभा मिळाली. महिनाअखेरच्या आदेशाने व्यायाम आणि खरेदी घराच्या आसपासच करण्याचे बंधन आले. साहजिकच गच्ची, सोसायटीचे आवार आणि पार्किंग यांना मैदानाचे मोल आले. चाळीत किंवा बैठ्या घरात राहणाऱ्यांपुढे मात्र गल्लीच उरली. निर्बंध हळूहळू सैल होत देवळेही १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली. एप्रिल २०२१ मध्ये निर्बंध पुन्हा आवळले गेले.

१८९६ मध्ये सुरू झालेल्या प्लेगात याउलट घडले होते. तेव्हा अनेक गावांतले लोक घरे सोडून माळावर झोपड्या बांधून राहिले. याच साथीमुळे मुंबईत १८९८ साली सुधार ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत समुद्राचा वारा खेळावा म्हणून त्याने प्रिन्सेस स्ट्रीट काढला आणि दादर-माटुंग्यात मोकळ्या जागांसह नवी वस्ती आखली.

केंद्राच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. हा आकडा शहराची सरासरी सांगतो. साथीत उपयोगी पडते ती पायी पोहोचता येणारी आणि सोसायटीबाहेरच्यांनाही खुली असलेली जागा. विकास आराखड्यात वॉर्डवार लहान भूखंड राखणे म्हणूनच एखाद्या दूरच्या मोठ्या उद्यानाइतकेच गरजेचे ठरते.