गप्प बसलेलं पिल्लू शांत असतं का?

कॉकटीलचं पिल्लू नवीन घरी आलंय. पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात दांडीला चिकटून बसलंय. ओरडत नाही, फडफडत नाही, बोट पुढे केलं तरी जागचं हलत नाही. घरातले म्हणतात, "किती गुणी आहे!" तुम्ही निरीक्षक असाल तर वहीत काय लिहाल?

आमच्या घरी मी "शांत आहे" असं लिहिलं होतं, दोन दिवस. आणल्या दिवशी पिल्लाचं वजन ८८ ग्रॅम होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी छोट्या खोक्यात घालून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर ७९. एवढ्याशा पक्ष्यासाठी दहा टक्के घट म्हणजे गंभीर गोष्ट. आम्ही तसेच डॉक्टरांकडे पळालो. आजार काही नव्हता. घरातले पाच जण दिवसभर आळीपाळीने पिंजऱ्यासमोर उभे राहून लाडाने बोलत होतो, आणि माणूस समोर असताना पिल्लू दाण्याला चोच लावत नव्हतं. इतकं साधं.

आता माझी चूक नेमकी कुठे झाली ते बघा, कारण संशोधनात हीच चूक फार महागात पडते. "हालचाल नाही" हे मी पाहिलं होतं. "शांत आहे" हा मी काढलेला अर्थ होता. दोन्ही एकाच रकान्यात लिहिले. शिकार होणारे प्राणी घाबरले की पळतातच असं नाही, पळायला जागा नसेल तर थिजतात. बाहेरून पुतळा, आत हृदय धडधडतंय आणि रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन वाढलंय (आपल्यात कॉर्टिसॉल जे काम करतं तेच पक्ष्यांत मुख्यतः हे करतं). म्हणजे एकाच दिसणाऱ्या वर्तनाची दोन उलटी कारणं असू शकतात. मग फरक कसा ओळखायचा?

ज्या गोष्टी घाबरलेला पक्षी सहसा करत नाही त्या शोधायच्या. पिसं साफ करणं, एक पाय पोटाशी घेऊन बसणं, झोपेआधी चोच करकर घासणं. कॉकटीलचा तुरा तर चालता-बोलता मापक आहे: ताठ उभा असेल तर दचकलंय किंवा सावध आहे, डोक्याला घट्ट चिकटून वर फिस्कारत असेल तर हात मागे घ्या, सैल आणि अर्धवट असेल तर ठीक चाललंय. आणि सगळ्यात भरवशाचं माप म्हणजे खाणं. पण इथेही एक गंमत आहे. हे पक्षी दाणा सोलून खातात आणि टरफल वाटीतच टाकतात, त्यामुळे रिकामी वाटी भरलेली दिसते. वाटीची पातळी बघू नका, फुंकर मारून टरफलं बघा आणि रोज एकाच वेळी वजन घ्या. माझ्या आवडीचं माप मात्र वेळ आहे: तुम्ही ठरावीक अंतरावर बसल्यापासून पहिला दाणा उचलेपर्यंत किती सेकंद गेले? भीतीच्या अभ्यासात असा विलंबकाळ सर्रास मोजतात.

भीती घालवायची कशी, याचं मूळ हॅबिच्युएशनमध्ये आहे. उद्दीपन पुन्हा पुन्हा आलं आणि काहीच वाईट घडलं नाही, तर प्रतिसाद कमी होत जातो. थॉम्पसन आणि स्पेन्सर यांनी १९६६ मध्ये याची नऊ वैशिष्ट्यं मांडली, त्यातली दोन इथे थेट कामाची. एक, उद्दीपन जितकं सौम्य तितकं सरावणं लवकर होतं. फार तीव्र असेल तर सराव होतच नाही, उलट भीती वाढू शकते. म्हणून "हातात धरून ठेव, होईल सवय" हा सल्ला ऐकू नका. धडपड थांबते ती बहुधा सवय झाल्यामुळे नाही, सुटका नाही हे कळल्यामुळे. दोन, मध्ये खंड पडला की प्रतिसाद थोडा परत येतो. काल रात्री हाताजवळ आलेलं पिल्लू आज सकाळी मागे सरकलं तर कालची मेहनत वाया गेली असं समजू नका.

पिंजरा भिंतीला लावला, मागची बाजू कापडाने झाकली आणि समोर एकानेच, तेही दूर, पुस्तक वाचत बसायचं ठरवलं. दाण्याची वाटी बसायच्या दांडीशेजारी आणली. रात्री मंद दिवा ठेवला, कारण कॉकटील अंधारात दचकून पिंजऱ्यात आपटून घेतात. पुढे राळ्याचं कणीस हातात धरून रोज थोडं जवळ. इथली खुबी अशी की हात पिल्लू मागे सरकायच्या *आधी* काढून घ्यायचा. ते पळाल्यावर काढलात तर "पळालं की हात जातो" हेच ते शिकतं. आठवड्याभरात वजन ८६ झालं. पण कशामुळे? कापड, अंतर, दिवा, वाटी सगळं एकदम बदललं आणि पक्षी एकच. घर म्हणून बरोबर केलं, प्रयोग म्हणून यातून काहीही सिद्ध होत नाही.

नीट केलेले प्रयोग आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गटाने ऑरेंज-विंग्ड ॲमेझॉन पोपटांवर काम केलं. आईबापांनीच वाढवलेली, पण घरट्यात असतानाच रोज थोडा वेळ माणसाने हाताळलेली पिल्लं न हाताळलेल्यांपेक्षा माणसाळलेली निघाली (१९९९). त्याच विद्यापीठातल्या मीहान आणि मेंच यांच्या २००२ च्या कामात, ज्या तरुण पोपटांच्या पिंजऱ्यात खेळणी आणि अन्न शोधायला लावणाऱ्या वस्तू होत्या, ते नव्या गोष्टींना कमी घाबरले. दोन्हींत तुलनेसाठी वेगळा गट आहे. माझ्या वहीत तोच नाही.

(जाता जाता: आपला हिरवा देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. "पिल्लू सापडलं" म्हणून ठेवून घेऊ नका, वनविभागाला कळवा.)

तिसऱ्या आठवड्यात पिल्लाने माझ्या हातून कणीस घेतलं. त्याच संध्याकाळी बाबा लाल टोपी घालून खोलीत आले आणि तुरा पुन्हा ताठ. सरावलं होतं ते माझ्या हाताला, माणसांना नाही. वहीत आता "समोर कोण, अंगावर काय" असा एक नवा रकाना आहे.