कृत्रिम बुद्धिमत्ता आणि शिक्षण : प्रज्ञेच्या दृष्टीने एक विचार

चॅट-जीपीटी हे संभाषण करणारे यंत्र ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले. त्यानंतर तीन वर्षांच्या आत, ऑक्टोबर २०२५ मध्ये, केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेचा परिचय इयत्ता तिसरीपासून करून देण्याचे जाहीर केले व त्यासाठी २०२६-२७ हे शैक्षणिक वर्ष मुक्रर केले. बीड, अंबाजोगाई, माजलगाव येथील महाविद्यालयांत शिकणारा विद्यार्थी तर शासनाच्या निर्णयाची वाट न पाहता आपल्या मोबाईलवर हे साधन वापरू लागला आहे. अशा वेळी, ज्या समाजाच्या हाती पाटी-पेन्सिल येऊन फार पिढ्या लोटलेल्या नाहीत, त्या समाजाने या साधनाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो. यंत्र म्हणून ते त्याज्य मानणे हा एक अंत, आणि नवे म्हणून ते शिरोधार्य मानणे हा दुसरा अंत. हे दोन्ही अंत टाळून सदर लेखात आम्ही त्याचे परीक्षण करू इच्छितो.

यंत्राचे कार्य

प्रथम हे यंत्र काय करते ते समजून घेतले पाहिजे. अफाट प्रमाणात लिखित मजकूर यंत्राला पुरविला जातो. त्या मजकुरात कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव किती, याचे गणित ते बसविते आणि त्या गणिताच्या आधारे एकेक शब्द जोडीत उत्तर रचते. उत्तर खरे आहे की नाही, हे पाहण्याचे इंद्रिय त्याच्यापाशी नसते. पुरविलेल्या मजकुरात इंग्रजीचा वाटा फार मोठा; मराठीचा अल्प, आणि पालीचा तर त्याहून अल्प. म्हणून असे घडते की, बुद्धवचन म्हणून एखादे सुंदर वाक्य यंत्र देते, निकायाचे नाव व सुत्ताचा क्रमांकही सांगते. परंतु मूळ ग्रंथ उघडून पाहावा तर ते वचन तेथे नसते.

अंगुत्तर निकायातील केसमुत्ति सुत्तात, ज्यास आपण कालाम सुत्त म्हणून ओळखतो, तथागतांनी कालामांना ज्या दहा आधारांवर विसंबू नये असे सांगितले, त्यांपैकी एक ‘भब्बरूपता’ हा आहे. बोलणारा योग्य दिसतो, त्याच्या बोलण्यात अधिकाराचा डौल आहे, एवढ्यावरून त्याचे म्हणणे स्वीकारू नये, हा त्याचा आशय. यंत्राच्या भाषेत नेमका हाच डौल असतो. चूक आणि बरोबर या दोन्ही गोष्टी ते सारख्याच आत्मविश्वासाने सांगते.

तीन प्रकारची प्रज्ञा

दीघ निकायातील संगीति सुत्तात प्रज्ञेचे तीन प्रकार आले आहेत : सुतमया, चिन्तामया आणि भावनामया. ऐकून वा वाचून जे प्राप्त होते ते पहिले. स्वतः विचार करून जे प्राप्त होते ते दुसरे. सातत्याच्या अभ्यासाने जे अंगी मुरते ते तिसरे. यंत्र देऊन देऊन काय देईल? फार तर श्रुत. चिंतन ज्याचे त्यालाच करावे लागते. यंत्राने चिंतनाचे श्रमही आपल्या अंगावर घेतले, तर विद्यार्थ्याच्या हाती उत्तर येते, पण प्रज्ञा येत नाही.

हे केवळ तात्त्विक विवेचन नव्हे. तुर्कस्तानातील माध्यमिक शाळेतील सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर गणित विषयात एक प्रयोग झाला. तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. सरावाच्या वेळी ज्यांना असे यंत्र मोकळेपणाने वापरू दिले, त्यांची सरावातील कामगिरी इतरांहून ४८ टक्क्यांनी सरस ठरली. पुढे यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा तेच विद्यार्थी, ज्यांना यंत्र कधी मिळालेच नव्हते त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडले. मात्र जेथे यंत्राला आयते उत्तर न देता केवळ शिक्षकाने आखलेले इशारे देण्याची मर्यादा घातली होती, तेथे ही हानी बहुतांशी टळली. तात्पर्य, दोष साधनापेक्षा त्याच्या योजनेत अधिक आहे. परंतु ती योजना आखण्यासाठी विषय जाणणारा शिक्षक लागतो, हेही त्याच प्रयोगाने दाखविले.

प्रश्नांचे चार प्रकार

अंगुत्तर निकायाच्या चतुक्क निपातात प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत. काही प्रश्नांचे उत्तर सरळ व निश्चित द्यावयाचे असते. काहींचे विभाग करून. काहींचे उलट प्रश्न विचारून. आणि काही प्रश्न बाजूला ठेवावयाचे असतात. कोणता प्रश्न कोणत्या प्रकारचा, हे ओळखणे हीच शिक्षकाची कसोटी होय. यंत्राचा कल बहुधा प्रत्येक प्रश्नाला पहिल्या प्रकारचा समजून तत्काळ उत्तर देण्याकडे असतो. प्रश्न विचारणारे मूल समोर का अडले आहे, त्याला उत्तर हवे आहे की धीर, हे त्याला दिसत नाही.

पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली तेव्हाच्या औरंगाबाद येथे काढलेल्या महाविद्यालयाला ‘मिलिंद’ हे नाव लाभले, यामागील अर्थ या संदर्भात ध्यानी घेण्याजोगा आहे. मिलिंद राजाचे मोठेपण त्याला उत्तरे ठाऊक होती यात नसून तो भदंत नागसेनांना प्रश्न विचारीत राहिला यात आहे.

भूतकाळावरून भवितव्य ठरविणे

आतापर्यंत अध्यापनाचा विचार झाला. याहून गंभीर भाग मूल्यमापनाचा व निवडीचा आहे. २०२० साली महामारीमुळे इंग्लंडमध्ये परीक्षा रद्द झाल्या आणि ‘ए लेव्हल’च्या श्रेणी एका गणिती पद्धतीने ठरविल्या गेल्या. या पद्धतीत विद्यार्थ्याच्या शाळेचे मागील वर्षांचे निकाल निर्णायक मानले होते. परिणामी शिक्षकांनी सुचविलेल्या श्रेणींपैकी सुमारे ४० टक्के श्रेणी खाली आल्या. दुर्बल निकालाच्या शाळेतील हुशार मूल शाळेच्या इतिहासामुळे मागे ढकलले गेले. विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि १७ ऑगस्ट २०२० रोजी ती पद्धत मागे घ्यावी लागली.

माणसाची योग्यता त्याच्या स्वतःच्या कर्तृत्वावरून न ठरविता तो ज्या समूहातून आला त्याच्या पूर्वेतिहासावरून ठरविणे, ही गोष्ट आपणांस अपरिचित नाही. तिला आपल्याकडे धर्मशास्त्राचा आधार दिला जात असे; येथे गणिताचा आधार दिला गेला, एवढाच भेद.

आता बीड जिल्ह्याचा विचार करू. अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुले त्यांच्यासोबत फडावर. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ साली ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली, ती याच कारणाने. आंध्र प्रदेशात मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या साह्याने, शाळा सोडण्याचा संभव असलेली मुले आधीच हेरण्याचा प्रयोग झालेला आहे. तशी पद्धत उद्या येथे आली, तर हजेरीपटातील चार-पाच महिन्यांचा खंड पाहून यंत्र त्या मुलीला ‘गळतीचा संभव’ असे चिन्ह लावील. ते चिन्ह वसतिगृहाचा दरवाजा उघडण्यासाठी वापरले, तर ते उपकारक होईल. तेच चिन्ह शिक्षकाच्या मनात ‘हिच्यावर श्रम कशाला’ असा भाव निर्माण करील, तर ते कपाळावरचा लेख ठरेल. मुलीच्या गैरहजेरीचे कारण तिच्या बुद्धीत नसून उचलीच्या व्यवहारात आहे, ही गोष्ट हजेरीपटात लिहिलेली नसते. म्हणून ती यंत्रालाही कळत नाही.

मजकुरातील जात

यंत्राला पुरविलेला मजकूर समाजानेच लिहिलेला असतो. त्यामुळे समाजाचे पूर्वग्रह त्यात उतरतात. ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ने २०२५ साली केलेल्या पडताळणीत, हुशार माणूस कोण आणि गटार साफ करणारा कोण, अशा रिकाम्या जागा यंत्राने रूढ जातीय समजुतींनुसार भरल्याचे आढळले. एका दलित संशोधकाने अर्जाची भाषा यंत्राकडून सुधारून घेतली असता, यंत्राने त्याचे आडनाव काढून तेथे उच्चवर्णीय आडनाव घातल्याची नोंदही त्याच वृत्तांतात आहे. कोणीही मुद्दाम केले नाही, आणि तरी ते घडले. जातिव्यवस्थेचे कार्य बहुधा असेच चालते.

आपले कर्तव्य

यावरून हे साधन टाकून द्यावे असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. ज्या वाडीवर इंग्रजी वा विज्ञान समजावून सांगणारे कोणी नाही, तेथे कठीण उतारा सोपा करून घेण्यास, शब्दाचा अर्थ पाहण्यास, सरावाचे प्रश्न मिळविण्यास त्याचा उपयोग निश्चित आहे. मात्र तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, विद्यार्थ्याने प्रथम स्वतः उत्तर लिहावे आणि नंतरच यंत्राला विचारावे. दुसरी, यंत्राने सांगितलेले वचन, सन वा आकडा मूळ ग्रंथात पाहिल्यावाचून स्वीकारू नये. विहारातील ग्रंथालयाचे महत्त्व यामुळे कमी न होता वाढले आहे. तिसरी, आपल्या मुलांविषयीचा निर्णय यंत्राच्या आधारे कोणी घेत असेल, तर त्या निर्णयाचे कारण विचारण्याचा व दाद मागण्याचा अधिकार पालकांना असावा, अशी मागणी संघटितपणे करावी. शिक्षकाची रिकामी जागा भरण्याऐवजी यंत्र बसविले जात असेल, तर त्यास हरकत घेणे हेही याच कर्तव्यात येते.

पूज्य बाबासाहेबांनी विद्येला प्रज्ञा, शील आणि करुणा यांची जोड आवश्यक मानली. केवळ विद्या ही ज्याच्या हाती जाईल त्याच्या इच्छेने चालते. कृत्रिम बुद्धिमत्ता ही तशीच एक विद्या आहे. तिला शील नाही आणि करुणा नाही; ती दोन्ही माणसानेच पुरवावयाची आहेत, आणि फडावरून परतलेल्या मुलीला वर्गात पुन्हा सामावून घेणारा शिक्षक हेच काम आजही करीत आहे.