क्लायंट बेसबॉल बोलतो, आपण क्रिकेट ऐकतो

हेडफोन लावलेत ना? आज स्पेलिंग नाही, ग्रामर नाही. आज रूपकांबद्दल बोलूया. हो, शाळेत मार्कांपुरता केलेला तोच रूपक अलंकार. फरक एवढाच, की आता तो कवितेत कमी आणि ऑफिसच्या कॉलवर जास्त भेटतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. अमेरिकन क्लायंट विचारतो, ‘गिव्ह मी अ बॉलपार्क फिगर.’ मराठी माध्यमातून आलेल्या पोरापोरींना अशा वेळी वाटतं, आपलं इंग्रजीच कच्चं. मग कॉल संपेपर्यंत माइक म्यूट! अहो, इंग्रजी कच्चं नाही, आपण बेसबॉल पाहिलेला नाही, एवढंच. बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान. तंतोतंत आकडा नको, मैदानाच्या आतबाहेर कळलं तरी पुरे. थोडक्यात, ढोबळ अंदाज सांगा.

म्हणून पहिली युक्ती: डिक्शनरी उघडण्याआधी विचारा, हे चित्र कुठल्या घरातून आलंय? ‘कर्व्हबॉल’ही बेसबॉलचाच. हवेत वळणारा चेंडू, म्हणजे अचानक आलेली अडचण. आपण राजकारणात ‘गुगली टाकली’ म्हणतो ना, तसंच.

पुष्कळदा दोन्ही भाषांचं घर एकच निघतं. इंग्रजीत माणूस रागाने उकळतो, आपल्याकडे डोकं तापतं. ‘संताप’ शब्दातच ताप आहे बघा! इंग्रजीत वेळ ‘स्पेंड’ होतो, ‘सेव्ह’ होतो. आपणही वेळ खर्च करतो, वाचवतो, म्हणजे वेळेला पैसाच समजतो. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० साली ‘मेटाफर्स वी लिव्ह बाय’ या पुस्तकात हेच मांडलं, की रूपक ही नुसती सजावट नाही, आपण विचारच रूपकांतून करतो.

आता वापरायचं कसं? वॉर्ड कनिंगहॅम हा प्रोग्रॅमर फायनान्सच्या सॉफ्टवेअरवर काम करत होता. चालू असलेला कोड पुन्हा का लिहायचा, हे समजावताना त्याने कर्जाचं उदाहरण घेतलं. पहिल्या झटक्यात लिहिलेला कोड तसाच देणं म्हणजे कर्ज काढणं. काम लवकर होतं, पण वेळेत सुधारणा करून ते फेडलं नाही तर व्याज चढतं. १९९२ साली त्याने हे लिहिलं आणि आज जगभर ‘टेक्निकल डेट’ म्हणतात. पैशाच्या धंद्यातल्या लोकांना पैशाचं चित्र दिलं, म्हणून ते लगेच पटलं.

ही दुसरी युक्ती: रूपक ऐकणाऱ्याच्या घरातून उचला. अमेरिकन माणसाला ‘हिट फॉर सिक्स’ म्हणालात, तर तो नुसता बघत राहील.

तिसरी युक्ती सगळ्यात महत्त्वाची: रूपक काय लपवतं, तेही बघा. ‘डू यू हॅव बँडविड्थ?’ असं विचारलं की आपण नेटवर्कची वायर होतो. जागा रिकामी आहे ना, मग घाला अजून काम! पण वायर थकत नाही, माणूस थकतो. तेव्हा उत्तर साध्या भाषेत द्या: माझ्याकडे ही दोन कामं आहेत, तिसरं घेतलं तर यातलं कुठलं मागे ठेवू?

या आठवड्याचा होमवर्क: कॉलवर, रील्समध्ये, मॅचच्या कॉमेंट्रीत ऐकलेली तीन रूपकं मोबाइलच्या नोट्समध्ये लिहा. समोर घर लिहा: खेळ, पैसा, स्वयंपाक, युद्ध, काहीही. घर सापडलं की अर्थ आपोआप दार उघडतो.

चला, भेटू पुढच्या भागात!