जुन्या रेडिओचा लॅम्प बनवताय? आधी त्याचं मागचं झाकण उघडून बघा

दिवाळीची साफसफाई असो नाहीतर बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार म्हणून चाललेली आवराआवर, माळ्यावरून एक वस्तू हमखास खाली येते. आजोबांचा रेडिओ. लाकडी पेटी, पुढे जाळीचं कापड, काचेवर स्टेशनांची नावं आणि आत कोळ्याची जाळी.

मग घरात चर्चा सुरू होते. बाबा म्हणतात, भंगारवाल्याला देऊन टाका. आजी काहीच बोलत नाही, पण रेडिओवरून हात फिरवते. आणि घरातलं तिसरं कुणीतरी मोबाईल पुढे करतं, "हे बघा, याचा कसला भारी लॅम्प होतो!"

रील असतं ३० सेकंदांचं. पेटी उघडली, आतलं सगळं काढून टाकलं, बल्ब लावला, झालं. पण त्या 'आतलं सगळं काढून टाकलं' या एका वाक्यात दोन गोष्टी राहून जातात. एक, आत असं काय आहे जे एकदा गेलं की परत मिळणार नाही? आणि दोन, आत असं काय आहे ज्याला हात लावायचाच नाही?

अपसायकलिंग म्हणजे नेमकं काय?

रिसायकलिंगमध्ये वस्तू मोडून तिचा कच्चा माल वेगळा करतात. रेडिओ भंगारात गेला की ट्रान्सफॉर्मरमधलं तांबं निघतं, लोखंड वेगळं होतं, बाकीचं फेकलं जातं. अपसायकलिंगमध्ये वस्तूचं रूप शक्यतो तेच ठेवून तिला नवं काम देतात. शब्द नवा वाटला तरी कल्पना आपल्याला नवी नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आज्या हेच करत होत्या.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाबतीत याची चर्चा होते ती ई-कचऱ्यामुळे. 'ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर'नुसार २०२२ या एका वर्षात जगभरात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. तुमच्या एका रेडिओच्या लॅम्पने हा आकडा हलणार नाही. तुम्ही हे करताय ते पृथ्वी वाचवायला कमी आणि आठवण वाचवायला जास्त. त्यात गैर काहीच नाही. मात्र आठवण वाचवायची असेल, तर ती वाचेल अशा पद्धतीनेच काम करायला हवं.

पहिला प्रश्न : मोडायचं की दुरुस्त करायचं?

२०१५ ची गोष्ट. कॅलिफोर्नियात एका महिलेने पतीच्या निधनानंतर घरातल्या जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे खोके एका ई-कचरा केंद्रावर नेऊन दिले आणि नाव-पत्ता न ठेवता निघून गेली. काही दिवसांनी खोके उघडले, तर आत ॲपल-१ निघाला. ॲपल कंपनीचा १९७६ सालचा पहिला कॉम्प्युटर, जो साधारण २०० नगच बनला होता. तो २ लाख डॉलरला विकला गेला आणि केंद्रवाले अर्धे पैसे द्यायला त्या महिलेला शोधत बसले.

तुमच्या माळ्यावर २ लाख डॉलर पडलेले नाहीत, हे उघड आहे. मर्फी, फिलिप्स, बुश, नेल्को हे रेडिओ आपल्याकडे घरोघरी होते. मर्फीचा कारखाना तर ठाण्यातच होता. पण 'घरोघरी होते' आणि 'आज धड अवस्थेत आहेत' यात फरक आहे. व्हॉल्व्हचे रेडिओ आता कुणी बनवत नाही. संग्राहकांना आणि दुरुस्ती करणाऱ्यांना मूळ डायल, मूळ नॉब, मूळ व्हॉल्व्ह हवे असतात. लॅम्पसाठी आपण नेमकं हेच कचऱ्यात टाकतो.

म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी एवढं करा. मागच्या झाकणावर किंवा आतल्या बाजूला चिकटवलेला कागद शोधा. त्यावर मॉडेल नंबर आणि बऱ्याचदा व्हॉल्व्हची यादी असते. त्याचा फोटो काढा. आसपास कुणी जुने रेडिओमेकॅनिक असतील तर त्यांना एकदा दाखवा. आणि पेटीत किंवा कपाटात रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक सापडलं तर ते जपून ठेवा. हो, ऐंशीच्या दशकापर्यंत घरात रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन्स काढावं लागायचं आणि दरवर्षी त्याची फी भरावी लागायची.

दुरुस्त झाला तरी एक अडचण राहते. व्हॉल्व्हचे आपल्याकडचे बहुतेक सेट मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्हचे आहेत. त्यांच्यावर एफएम लागत नाही. त्यामुळे "दुरुस्त करून ऐकणार काय?" हा बाबांचा प्रश्नही चुकीचा नाही. यावर मधला मार्ग आहे, तो पुढे बघू.

"एकदा लावून तर बघू" इथेच घोळ होतो

वीस-तीस वर्षं बंद असलेला रेडिओ सापडला की पहिला मोह होतो तो पिन लावून बघण्याचा. तो टाळा.

एवढ्या वर्षांत मेन्सच्या वायरवरचं रबर कडक होऊन त्याचा भुगा झालेला असतो. आतले जुने कपॅसिटर, ज्यांना मेकॅनिक कंडेन्सर म्हणायचे, खराब झालेले असतात. वीज सोडली की ते शॉर्ट होऊ शकतात आणि सोबत ट्रान्सफॉर्मरही जाळू शकतात. म्हणजे दुरुस्त होण्यासारखा रेडिओ आपणच कायमचा घालवतो.

दुसरा धोका तुमच्या जिवाचा. व्हॉल्व्हच्या रेडिओत आत साधारण २०० ते ३०० व्होल्टचा डीसी प्रवाह खेळत असतो. बंद पडून असलेल्या सेटमध्ये तो उरलेला नसतो, पण तुम्ही चालू करून लगेच आत हात घातला तर कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज जोरदार झटका देऊ शकतो.

तिसरी गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. त्या काळी काही शहरांत घरात डीसी वीज यायची. त्यामुळे एसी आणि डीसी दोन्हींवर चालणारे सेट निघाले. त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो आणि आतला लोखंडी सांगाडा, म्हणजे चासिस, थेट मेन्सला जोडलेला असतो. पिन उलटी लागली की अख्ख्या चासिसमध्ये करंट येतो, अगदी नॉबच्या छोट्या स्क्रूपर्यंत. ओळखायचं कसं? झाकणावरच्या कागदावर एसी/डीसी लिहिलेलं असतं. व्हॉल्व्हची नावं यूसीएच ४२, यूएल ४१, यूवाय ४१ अशी 'यू'ने सुरू होत असतील तरी हा सेट त्याच प्रकारचा समजा. पण नावात 'यू' नाही म्हणजे सेट सुरक्षित, असंही नाही. खात्री मेकॅनिकलाच करू द्या.

टीव्हीचा फिश टँक? नको

रेडिओपेक्षा जास्त रील दिसतात त्या जुन्या टीव्हीच्या. आतली पिक्चर ट्यूब काढायची आणि जागी मासे सोडायचे. दिसतं छान, पण ती ट्यूब घरी काढणं हे या सगळ्यातलं सगळ्यात धोक्याचं काम आहे.

पिक्चर ट्यूबच्या आत निर्वात पोकळी असते. बाहेरच्या हवेचा दाब तिच्यावर सतत असतो. ट्यूब फुटली, तर काचा आधी आत ओढल्या जातात आणि मग चहूकडे उडतात. कलर टीव्हीच्या ट्यूबला २० हजारांहून जास्त व्होल्ट दिले जातात आणि टीव्ही बंद केल्यावरही त्यातला चार्ज बराच काळ टिकू शकतो. शिवाय आतून निघणारे क्ष-किरण अडवण्यासाठी कलर ट्यूबच्या मागच्या फनेलसारख्या भागाच्या काचेत शिसं मिसळलेलं असतं. वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास शिशाचा ऑक्साईडच असतो. पडद्याच्या आतल्या बाजूची पावडरही श्वासात किंवा हाताला लागू द्यायची नसते.

मग टीव्हीचं करायचं काय? आपल्याकडे लाकडी शटर असलेले टीव्ही होते, कुलूप लावता यायचं तसे. तो डबा खरंच सुंदर असतो. ट्यूब मेकॅनिककडून काढून घ्या, ती अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या आणि डब्यात पुस्तकं, रोपं, हवं ते ठेवा.

अंधारात चमकणारे आकडे

चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात लष्करी वापरातली जुनी मीटर, विमानाची घड्याळं मिळतात. काहींच्या काट्यांवर आणि आकड्यांवर अंधारात चमकणारा रंग असायचा. गाडीच्या नंबरप्लेटला आपण 'रेडियम' लावतो त्यात रेडियम नसतं. या जुन्या रंगात मात्र खरंच रेडियम असू शकतं. आता ते चमकत नाही म्हणून संपलं, असं समजू नका. चमक देणारं रसायन झिजतं, पण रेडियम निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. अशी वस्तू उघडू नका, तिचा रंग खरवडू नका, घासू नका.

काळ्या किंवा चॉकलेटी बॅकेलाइटच्या पेट्यांबाबतही थोडी काळजी हवी. १९०७ साली लिओ बेकलँड यांनी बनवलेलं हे प्लॅस्टिक तापवून वितळत नाही, पण ठिसूळ असतं. ड्रिल केलं की तडकतं. काही प्रकारांत भरावासाठी ॲस्बेस्टॉस वापरलं जायचं, त्यामुळे त्याला घासून भुकटी उडवू नका. पॉलिश करा आणि तसंच ठेवा.

मग बिनधास्त काय करता येईल?

काळा डायलचा फोन : लॅम्पसाठी उत्तम. आत मेन्सची वीज कधीच नसायची आणि बूड जड असल्याने लॅम्प पडत नाही.

कॅसेट : पारदर्शक कॅसेट जोडून लॅम्पशेड छान होते. फक्त एलईडीच लावा. जुना पिवळा बल्ब तापतो आणि कॅसेटचं प्लॅस्टिक वाकतं. त्याआधी कॅसेटवर काय लिहिलंय ते वाचा. घरच्या बारशाचं रेकॉर्डिंग असेल, तर आधी ते मोबाईलवर उतरवून घ्या.

फ्लॉपी आणि कीबोर्डची बटणं : पेन स्टँड, फोटो फ्रेम, फ्रिजवरची मॅग्नेट. लहान मुलांसोबत करण्यासारखं, पण बटणं तोंडात घालण्याच्या वयाची मुलं असतील तर नको.

सर्किट बोर्ड : भिंतीवर फ्रेममध्ये ठीक. चहाचे कोस्टर मात्र नको, कारण जुन्या सोल्डरमध्ये शिसं असतं. आणि घरी करवतीने कापू नका.

रेडिओचा मधला मार्ग

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नियम एकच : जे कराल ते उद्या परत पूर्ववत करता आलं पाहिजे.

१. पिन काढलेली असताना मेन्सची वायर आतून सोडवून घ्या. म्हणजे पाहुण्यांपैकी कुणी चुकूनही ती बोर्डात लावणार नाही. हे मेकॅनिककडून किंवा वायरमनकडून करून घेतलं तर उत्तम.

२. चासिस, व्हॉल्व्ह, स्पीकर आहेत तिथेच राहू द्या. बऱ्याच सेटमध्ये डायलचा काटा चासिसलाच दोरीने जोडलेला असतो. चासिस काढलं की काटाही जातो.

३. धूळ मऊ ब्रशने काढा. डायलची काच आतल्या बाजूने ओल्या फडक्याने पुसू नका. स्टेशनांची नावं आतूनच छापलेली असतात आणि एका हातात पुसली जातात. या एका चुकीने अनेक डायल कोरे झालेत.

४. लाकडाला भोकं दिसली, खाली पिवळसर भुकटी पडलेली दिसली, तर आधी किडीचा बंदोबस्त करा. नाहीतर रेडिओसोबत शोकेसही जाईल.

५. डायलच्या मागे यूएसबीवर चालणारी पिवळसर प्रकाशाची एलईडी पट्टी ठेवा आणि ती मोबाईलच्या चांगल्या चार्जरला जोडा. पेटीत फक्त ५ व्होल्ट जातात, २३० नाही.

६. गाणी हवी असतील तर जागा बघून आत एक छोटा ब्लूटूथ स्पीकर ठेवा. तो चार्ज करायला बाहेर काढा.

यात एकही भोक पाडलं नाही, एकही भाग फेकला नाही. संध्याकाळी डायल उजळतो, जाळीच्या कापडामागून गाणं येतं. आणि पुढेमागे घरातल्याच कुणाला तो खरोखर दुरुस्त करावासा वाटला, तर सगळं जागेवर आहे.

उरलेल्या भागांचं काय?

पेटी वाळवीने खाल्ली असेल, आत उंदरांनी घर केलं असेल, तर मोडण्याशिवाय इलाज नसतो. तेव्हाही व्हॉल्व्ह, नॉब आणि डायल मेकॅनिकला विचारून द्या. दुसऱ्या एखाद्या रेडिओचा जीव त्यांनी वाचतो. बाकीचं अधिकृत ई-कचरा केंद्रात. २०२२ चे ई-कचरा व्यवस्थापन नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेत आणि नोंदणी असलेल्या रिसायकलर्सची माहिती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते. तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्यांच्या हाती हे देऊ नका. प्लॅस्टिकच्या वायरीचा तो धूर आधी त्यांच्याच फुप्फुसात जातो, मग आपल्या.

आणि हो, हे सगळं सुरू करण्याआधी एकदा आजीला विचारा. तिला कदाचित लॅम्प नकोच असेल. रेडिओ पुसून होता तसा शोकेसवर ठेवला, तरी तिचं काम झालेलं असेल.