सागरी मत्स्यांचे गुणतारतम्य आणि किनाऱ्यावरील पथ्यविचार

कोकणपट्टीत चिकित्सा करणाऱ्या वैद्याला दिवसातून अनेकदा एकच प्रश्न ऐकावा लागतो, ‘मासे चालतील का?’ पुष्कळदा या प्रश्नाचे उत्तर ‘बंद’ या एका शब्दात दिले जाते. रुग्ण मान डोलावतो, आठ दिवस वरणभात खातो आणि नवव्या दिवशी मासे सुरू करताना औषध सोडून देतो. कारण माशांवर औषध चालत नाही, ही समजूत आपणच त्याला करून दिलेली असते. वस्तुतः ‘मासा’ हा शब्द एक असला, तरी मुडदुशीचे पातळ सार आणि तळलेला सुका बांगडा यांत मुगाचे कढण आणि उडदाचा वडा यांच्याइतके अंतर आहे.

संहिताकारांनी हे अंतर पाहिले होते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात मत्स्यवर्गाला गुरू, उष्ण, मधुर, स्निग्ध, बल्य, बृंहण, वातघ्न असे म्हणून लगेच ‘बहुदोष’ही म्हटले आहे आणि नित्य सेवन करू नये अशा द्रव्यांत दह्याबरोबर मत्स्याचीही गणना केली आहे. मात्र त्याच संहितेत रोहित हा मत्स्यांत श्रेष्ठ, तर चिलिचिम सर्वांत अहितकर ठरवला आहे. रोहित लघुपाकी का, याचे कारणही दिले आहे : तो शेवाळ खातो आणि निद्रा घेत नाही. सुश्रुताचार्य नादेय व सामुद्र असा भेद करून समुद्रातील मासे मांसाहारी असल्याने विशेष बलदायक असल्याचे सांगतात. म्हणजे मासा काय खातो, कोठे व कसा फिरतो, यावरून त्याचे गुण ठरवावेत ही पद्धती त्यांनी आपल्या हाती दिली. तिमि, कुलिश, राजीव या नावांची आजच्या बाजारातील नावांशी ओढूनताणून सांगड घालण्यापेक्षा ही पद्धती वापरणे आम्हांस अधिक फलदायी वाटते.

या दृष्टीने किनाऱ्यावरील टोपली पाहू. मुडदुशी वाळूच्या तळाशी वावरणारा, पांढऱ्या मांसाचा, अल्पस्नेही मासा. याचे मांस मऊ, वास सौम्य. मंदाग्नी असलेल्या किंवा ज्वरातून उठलेल्या मत्स्यसात्म्य रुग्णास प्रथम द्यावयाचा तो हाच, असे आमचे मत आहे. पापलेटाची (दक्षिण कोकणात सरंग्याची) योग्यता त्याखालोखाल. मांस नाजूक, काटे थोडे, चव मधुर. महाराष्ट्राने २०२३ साली यालाच राज्यमासा म्हणून घोषित केले. किंमत मात्र सामान्य रुग्णाने पथ्य म्हणून सोसावी अशी राहिलेली नाही. हलव्याला लोक काळे पापलेट म्हणतात, परंतु तो त्या कुळातील नव्हे. त्याचे मांस अधिक घट्ट व गुरू असते. रावस आणि सुरमई हे दोन्ही शिकारी मासे. सुरमईच्या तुकड्या घट्ट, तृप्तिकारक; व्यायामशील, दीप्ताग्नी मनुष्यासाठी उत्तम, अजीर्णाच्या रुग्णासाठी नव्हेत.

बोंबलाविषयी थोडे निराळे बोलावे लागते. ताज्या बोंबलात जलांश इतका अधिक असतो की तळण्यापूर्वी तो दगडाखाली दाबून पाणी काढावे लागते. हाडे मऊ, मांस जवळजवळ जेलीसारखे. ताजा बोंबील कालवणात घातल्यास तो लघु भासतो. तोच बांबूंच्या मांडवावर उन्हात वाळवला की संपूर्ण बदलतो : रूक्ष, घट्ट आणि अल्प मात्रेतही गुरू. संस्कारानुसार गुण पालटतात याचे इतके ढळढळीत उदाहरण विद्यार्थ्यांना दाखविण्यासाठी दुसरे सापडणार नाही.

मोरी, म्हणजे लहान मुशी, बाळंतिणीला स्तन्यवृद्धीसाठी देण्याची प्रथा घराघरात आहे. तिला काटे नसतात, केवळ कूर्चा असते. ती ताजीच घ्यावी. शार्कवर्गीय माशांच्या मांसातील युरियापासून मृत्यूनंतर अमोनिया तयार होतो आणि तो उग्र वास मसाल्याने झाकला जात नाही. मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, म्हणून गर्भिणीला मोठी मुशी वर्ज्य सांगावी.

आता बांगडा. तारली, पेडवे यांच्याप्रमाणे हा थव्याने पृष्ठभागाजवळ अखंड पोहणारा. म्हणून मांस गडद आणि स्नेहयुक्त. पावसाळ्यानंतर तारलीचा स्नेहांश विशेष वाढतो. स्वस्त, बल्य, वातघ्न असा हा गरिबाचा मासा; परंतु चिकित्सकाला सर्वाधिक फसवतो तोही हाच. आमच्याच हातून झालेली चूक येथे नमूद करतो. जेवणानंतर तासाभरात चेहरा लाल होणे, अंगावर गांधी, डोके ठणकणे, अशा तक्रारींचा एक रुग्ण आला. बांगड्याचे तिखले खाल्ले होते. आम्ही उदर्द-शीतपित्ताचे निदान करून सर्व मासे वर्ज्य केले आणि तीन महिने आरोग्यवर्धिनी व सूतशेखर दिले. पुढे सहज बोलताना कळले की त्या दिवशी घरातील चौघांनाही कमी-अधिक तोच त्रास झाला होता आणि बांगडे सकाळपासून बर्फाविना पिशवीत पडून होते. एकाच ताटातील चौघांना एकाच वेळी शीतपित्त होत नाही. बांगडा, कुपा, तारली यांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असते. उष्ण हवेत जंतू त्याचे हिस्टामीन करतात आणि ते एकदा झाले की शिजवून वा गोठवून नष्ट होत नाही. दोष मत्स्यजातीचा नव्हता, क्लिन्नतेचा होता. त्या गृहस्थास तीन महिने आवडीच्या अन्नापासून आम्ही विनाकारण दूर ठेवले. तेव्हापासून ‘कोणता मासा’ याआधी ‘किती वाजता आणला, बर्फ होता का, आणखी कोणाला त्रास झाला का’ हे विचारतो. कल्ले लाल, डोळे फुगीर व स्वच्छ, दाबले असता मांस परत वर येणे, ही परीक्षा कोळीण आपल्याहून चांगली जाणते. श्वास लागत असेल किंवा जीभ-ओठ सुजले असतील तर चूर्ण न देता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

वातरक्ताच्या निदानात चरकाचार्यांनी क्लिन्न, शुष्क आणि जलज मांसाचा उल्लेख केला आहे. तारली, बांगडा व लहान मासळीत प्युरीनचे प्रमाण अधिक असते, हे आजचे ज्ञान त्याच्याशी जुळते. अशा रुग्णास हे मासे व सुकी मासळी निश्चयाने बंद करावी. रक्तदाबाच्या रुग्णासही खारवलेले मासे नकोत. पावसाळ्यात हा प्रश्न तीव्र होतो. मासेमारी बंदीच्या काळात घरोघरी सुके बोंबील, सुकट, खारा बांगडा निघतो, आणि अग्नी नेमका तेव्हाच मंद असतो. तिरफळ आणि कोकम यांचे प्रमाण त्या दिवसांत वाढवावे, तळणे कमी करावे.

राहिला दुधाचा प्रश्न, आणि येथे औषधविक्रेत्या बंधूंचे सहकार्य हवे. मत्स्य व दूध हे विरुद्धाहाराचे प्रसिद्ध उदाहरण. सोलकढीतील नारळाचे दूध हे क्षीर नव्हे, एवढे रुग्णास समजावले की त्याची निम्मी चिंता मिटते. खरी अडचण आपल्याच फडताळात आहे. शतावरी कल्प, अश्वगंधा चूर्ण ही औषधे ‘रात्री दुधातून’ असे सांगून दिली जातात, आणि मासे खाणाऱ्या घरात रात्रीच्या जेवणात कालवण असतेच. विशेषतः बाळंतिणीच्या बाबतीत मोरी आणि शतावरी कल्प एकाच ताटाभोवती येतात. अशा घरी कल्प सकाळी उपाशीपोटी दुधातून द्यावा, मासे दुपारच्या जेवणातच ठेवावेत आणि रात्री दोन्ही टाळावीत. अश्वगंधा कोमट पाण्यातूनही देता येते. डबा हाती देताना विक्रेत्याने ‘घरी मासे केव्हा होतात?’ एवढे विचारून वेळ वेष्टनावर पेनाने लिहून द्यावी. छापील सूचनेत ती जागा नसते.