क्रूझ पर्यटन

क्रूझ पर्यटन किंवा समुद्रपर्यटन म्हणजे प्रवासी जहाजावर मुक्काम करून, एक वा अनेक बंदरांना भेटी देत केलेली सहल होय. या सहलीत जहाज हे केवळ वाहन नसते. प्रवाशाचे निवासस्थान, भोजनगृह आणि करमणुकीचे ठिकाणही तेच असते. अशी सहल बहुधा ज्या बंदरातून सुरू होते त्याच बंदरात संपते. एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचणे हा प्रवासी बोटीचा हेतू असतो. मुंबईहून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीस जाणाऱ्या पूर्वीच्या आगबोटी या प्रकारच्या होत्या. क्रूझमध्ये जहाजावरील वास्तव्य हाच सहलीचा मुख्य भाग असतो.

प्रवासाची सर्व व्यवस्था एकाच बंदिस्त जागेत आणि एकाच कंपनीच्या हाती असणे, हे या पर्यटनाचे मूळ वैशिष्ट्य आहे. त्याचे बहुतेक फायदे आणि बहुतेक तोटे या एकाच वैशिष्ट्यातून उद्भवतात.

इतिहास

ब्रिटनमधील पी अँड ओ या कंपनीने १८४४ साली साउदॅम्प्टनहून भूमध्य समुद्रातील सहलींची जाहिरात केली. इंग्रज कादंबरीकार विल्यम थॅकरे यांनी त्याच वर्षी या कंपनीच्या जहाजांतून विनामूल्य प्रवास केला आणि त्यावर प्रवासवर्णन लिहिले. जर्मन जहाज व्यावसायिक आल्बर्ट बालिन यांनी १८९१ साली ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज भूमध्य समुद्राच्या सहलीवर पाठवले. हिवाळ्यात उत्तर अटलांटिक महासागरातील प्रवासी घटत व मोठी जहाजे रिकामी राहत. त्यांना काम मिळावे हा या योजनेमागील उद्देश होता. १९०० साली केवळ सहलींसाठी बांधलेले ‘प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझे’ हे जहाज तयार झाले.

१९५८ साली अटलांटिकवरून जेट विमानांची प्रवासी सेवा सुरू झाल्यावर महासागर ओलांडणाऱ्या जहाजांचा व्यवसाय झपाट्याने खालावला. त्यानंतर जहाज कंपन्या सहलींकडे वळल्या. १९६६ ते १९७२ या काळात नॉर्वेजियन कॅरिबियन लाइन, रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल या कंपन्या सुरू झाल्या व अमेरिकेतील मायामी हे या व्यवसायाचे प्रमुख केंद्र बनले. पुढे जहाजांचा आकार सतत वाढत गेला. जानेवारी २०२४ मध्ये प्रवासी सेवेत दाखल झालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजाचे ग्रॉस टनेज सुमारे २,४८,००० असून त्यावर कमाल सुमारे ७,६०० प्रवासी व २,३५० कर्मचारी राहू शकतात. (ग्रॉस टनेज हे वजनाचे नव्हे, तर जहाजाच्या आतील एकूण जागेचे माप आहे.)

फायदे

एकदा खोलीत सामान लावले की सहल संपेपर्यंत ते पुन्हा बांधावे लागत नाही, ही क्रूझची सर्वांत मोठी सोय मानली जाते. रात्री जहाज चालते आणि सकाळी नवे बंदर येते. त्यामुळे प्रत्येक शहरात हॉटेल शोधणे, स्थानक वा विमानतळ गाठणे आणि सामान वाहणे टळते. ज्येष्ठ नागरिक, लहान मुलांसह प्रवास करणारे पालक आणि तीन पिढ्यांची एकत्र कुटुंबे यांना ही व्यवस्था विशेष सोयीची ठरते. दिवसभर प्रत्येकाने आपल्या आवडीप्रमाणे वेळ घालवावा आणि जेवणास सर्वांनी एकत्र यावे, हे जहाजावर सहज शक्य होते.

निवास, प्रवास, मुख्य भोजनगृहातील जेवण आणि बहुतेक करमणूक यांचे मूल्य एकाच भाड्यात समाविष्ट असते. त्यामुळे खर्चाचा मोठा भाग आधीच निश्चित होतो. अलास्काच्या हिमनद्या, नॉर्वेचे फ्योर्ड किंवा ग्रीसची लहान बेटे अशी काही ठिकाणे पाण्यावरूनच अधिक चांगली पाहता येतात. थोड्या दिवसांत अनेक ठिकाणांची तोंडओळख होते आणि त्यांपैकी कोठे पुन्हा सवडीने जावे हे ठरवता येते.

तोटे व मर्यादा

खर्च : जाहिरातीतील भाडे हा एकूण खर्चाचा एक भाग असतो. बंदरशुल्क व कर, कर्मचाऱ्यांसाठीची दैनिक बक्षिसी, पेये, इंटरनेट, खास उपाहारगृहे आणि किनाऱ्यावरील सहली यांची आकारणी अनेकदा वेगळी होते. भाडे सामान्यतः एका खोलीत दोन व्यक्ती गृहीत धरून माणशी सांगितले जाते. एकट्या प्रवाशाला त्याच खोलीसाठी कधी कधी जवळजवळ दुप्पट रक्कम मोजावी लागते. जहाजावरील वैद्यकीय उपचार महाग असून गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च फार मोठा असतो.

वेळ : एका बंदरात साधारणपणे सहा ते दहा तास मिळतात. बंदर शहरापासून दूर असल्यास त्यातील बराच वेळ जाण्यायेण्यात खर्च होतो. स्वतंत्रपणे फिरायला गेलेला प्रवासी वेळेत न परतल्यास जहाज त्याच्यासाठी थांबत नाही. जहाज धक्क्याला न लागता खोल पाण्यात नांगर टाकते तेव्हा प्रवाशांना लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. चाकांची खुर्ची वापरणाऱ्यांना असे उतरणे अवघड किंवा अशक्य असते. खराब हवामानात एखादे बंदर वगळण्याचा अधिकार कप्तानाला असतो.

आरोग्य : बंदिस्त जागा आणि सामाईक भोजनव्यवस्था यांमुळे उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसचा प्रसार जहाजावर लवकर होतो. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘डायमंड प्रिन्सेस’ हे जहाज जपानमधील योकोहामा बंदरात विलगीकरणात ठेवण्यात आले. त्यावरील ३,७११ जणांपैकी ७०० हून अधिक जणांना कोरोनाची लागण झाली. प्रवासी आपापल्या खोल्यांत बंद असताना कर्मचारी मात्र सामाईक खोल्यांत राहून त्यांना जेवण पुरवत होते. या कर्मचाऱ्यांत शंभराहून अधिक भारतीय होते.

सुरक्षितता : १३ जानेवारी २०१२ रोजी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज इटलीतील जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळून कलंडले व ३२ जणांचा मृत्यू झाला. नेहमीचा मार्ग सोडून कप्तानाने जहाज किनाऱ्याच्या फार जवळून नेले होते. नव्याने चढलेल्या काही प्रवाशांचा आपत्कालीन सराव तोपर्यंत झाला नव्हता, कारण तो निघाल्यापासून २४ तासांच्या आत घेतला तरी चालत असे. दुर्घटनेनंतर हा नियम बदलण्यात आला. आता हा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावा लागतो.

कायदा : अनेक जहाजांची नोंदणी बहामा, पनामा, बर्म्युडा अशा देशांत केलेली असते. खुल्या समुद्रात जहाजावर प्रामुख्याने त्याच्या ध्वजाच्या देशाचा कायदा लागू होतो. भरपाईचा दावा कोठे व किती मुदतीत करावा हे तिकिटाच्या करारात लिहिलेले असते. प्रवासी ते क्वचितच वाचतात.

बंदरशहरांवरील परिणाम

एका दिवसात हजारो माणसे उतरल्याने टॅक्सीचालक, वाटाडे आणि दुकानदार यांना काम मिळते. परंतु प्रवाशाचे निवास व भोजन जहाजावरच होत असल्याने हॉटेले व खाणावळी यांच्या वाट्याला त्यातील थोडेच येते. काही कंपन्यांनी खासगी बेटे घेतली असून तेथे प्रवाशाचा खर्च पुन्हा कंपनीकडेच जातो. बहामातील ग्रेट स्टिरप के हे बेट १९७७ साली अशा प्रकारे घेण्यात आले.

व्हेनिसमध्ये ही समस्या सर्वाधिक ठळकपणे दिसली. जुन्या इमारतींहून उंच जहाजे सेंट मार्क चौकासमोरून जात असत. जून २०१९ मध्ये त्यांपैकी एक जहाज जुदेक्का कालव्यात धक्क्यावर व पर्यटकांच्या बोटीवर आदळले. रहिवाशांच्या दीर्घ विरोधानंतर इटली सरकारने १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० ग्रॉस टनेजपेक्षा मोठ्या जहाजांना या मार्गावर बंदी घातली. अलास्कातील जुनो शहराने बंदी न घालता मर्यादेचा मार्ग स्वीकारला. तेथे २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजे येऊ देण्याबाबत कंपन्यांशी करार झाला. या शहराचे बरेचसे उत्पन्न क्रूझवर अवलंबून असल्याने उत्पन्न आणि गर्दी यांचा मेळ घालण्याचा हा प्रयत्न आहे.

पर्यावरण

मोठ्या जहाजाला प्रवासाबरोबरच हजारो माणसांच्या निवासासाठीही ऊर्जा पुरवावी लागते. त्यामुळे प्रत्येक प्रवाशामागे इंधनाचा वापर अधिक होतो. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची कमाल मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली गेली. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रक्रिया न केलेले मैलापाणी किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे, ठरावीक अटींवर सोडण्यास मुभा आहे. बंदरात उभ्या जहाजाने किनाऱ्यावरील वीज घेतल्यास धूर थांबतो. क्रूझ जहाजांसाठी ही सोय जुनो येथे २००१ साली प्रथम सुरू झाली.

नियम असूनही उल्लंघने होतात. ‘कॅरिबियन प्रिन्सेस’ या जहाजावरून छुप्या नळाद्वारे तेलमिश्रित पाणी समुद्रात सोडल्याची माहिती २०१३ साली एका कनिष्ठ अभियंत्याने उघड केली. या प्रकरणी २०१६ साली अमेरिकेत कंपनीने ४ कोटी डॉलरचा दंड मान्य केला.

कर्मचारी

जहाजावरील सेवेत फिलिपाइन्स, इंडोनेशिया आणि भारत येथील कामगारांचे प्रमाण मोठे आहे. गोव्यात समुद्रावर नोकरी करणाऱ्यास ‘तारवटी’ म्हणतात व अनेक कुटुंबांचा चरितार्थ या नोकरीवर चालतो. निवास व जेवण मोफत असल्याने पगाराचा मोठा भाग घरी पाठवता येतो. मात्र करार अनेक महिन्यांचे असतात आणि त्या काळात साप्ताहिक सुट्टी बहुधा नसते. सागरी कामगार करार २००६ नुसार २४ तासांत किमान १० व आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती देणे बंधनकारक आहे. भारताने हा करार २०१५ साली स्वीकारला. २०२० च्या टाळेबंदीत अनेक भारतीय कर्मचारी जहाजांवर अडकून पडले. त्यांपैकी काहींना एप्रिलमध्ये मुंबई बंदरात उतरवण्यात आले.

महाराष्ट्र व गोवा

ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई ते गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ हे जहाज सुरू झाले. त्याचे नाव मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांच्यावरून ठेवले होते. २०१९ साली मुंबईहून निघू लागलेले ‘कर्णिका’ हे जहाज कोरोनाकाळात कंपनी बंद पडल्यानंतर भंगारासाठी अलंग येथे गेले. सप्टेंबर २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’ कंपनीच्या सहली मुंबईहून सुरू झाल्या. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले, तर मुंबईत बॅलार्ड पिअर येथे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल उभारण्यात आले आहे. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असल्याने पश्चिम किनाऱ्यावर ऑक्टोबर ते मे हा काळ या प्रवासास सोयीचा ठरतो.

निवड करताना विचारात घेण्याच्या बाबी

ज्याला विश्रांती, कुटुंबाचा सहवास आणि निर्धास्तपणा हवा असतो, त्याला क्रूझ मानवते. एखाद्या शहराचा बाजार, तेथील संध्याकाळ आणि माणसे यांचा परिचय करून घेऊ इच्छिणाऱ्यास ती अपुरी वाटते, कारण संध्याकाळी जहाज बहुधा बंदर सोडते. आरक्षणापूर्वी एकूण खर्च, बक्षिसीची आकारणी, रद्द करण्याचे नियम आणि शाकाहारी जेवणाची सोय यांची लेखी माहिती घेणे इष्ट असते. वैद्यकीय स्थलांतराचा खर्च विम्यात समाविष्ट आहे किंवा नाही, हेही पाहावे लागते. सहल परदेशी बंदरातून निघून तेथेच परतणार असल्यास एकापेक्षा अधिक प्रवेशांचा व्हिसा लागू शकतो. बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांसाठी जहाजाच्या मध्यभागातील, खालच्या मजल्यावरील खोली अधिक योग्य, कारण तेथे हेलकावे कमी जाणवतात.