मक्याच्या जुन्या वाणांचे नमुने कसे गोळा करावेत?

पावसाची पहिली झड आली की अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील रेल्वे स्थानकांबाहेर कोळशाच्या शेगड्या पेटतात व भाजक्या कणसांचा वास दरवळू लागतो. त्या गाड्यांवरील कणसे जरा न्याहाळून पाहावीत. रंग, आकार, दाण्यांच्या ओळी, सारे जवळपास एकसारखे असते. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हे सोयीचे असले तरी पीक-पैदासकारास त्याची काळजी वाटते.

ही काळजी अनाठायी नव्हे. संकरित मक्याचे बियाणे तयार करताना मादी ओळींचे तुरे हाताने खुडावे लागतात. हे कष्ट वाचावेत म्हणून अमेरिकेतील बहुतेक संकरित जातींत परागवंध्यत्वाचा एकच मातृगुण घालण्यात आला होता. १९७० साली नेमक्या त्याच गुणाच्या ताटांवर तुटून पडणारी करप्याची बुरशी पसरली आणि त्या देशाचे सुमारे १५ टक्के पीक एका हंगामात बुडाले.

अशा वेळी उपयोगी पडतो तो जुन्या वाणांचा संग्रह. मका मूळचा मेक्सिकोचा. तेथील शेतकऱ्यांनी सुमारे ९००० वर्षांपूर्वी एका रानगवतापासून तो घडविला. आपल्या देशात तो मागाहून आला, तरी डोंगराळ भागांत त्याचे अनेक स्थानिक प्रकार रुजले. आपल्या राज्यात सातपुड्यातील धडगाव परिसरात आदिवासी शेतकऱ्यांनी असे वाण पिढ्यान् पिढ्या राखले असून ‘बाएफ’ संस्थेने त्यांच्या साहाय्याने त्यांचे जतन केले आहे. राज्य शासनाने २०२२ साली महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पास मंजुरी दिली. त्यातही स्थानिक पीकवाणांचा समावेश आहे.

नमुने घेण्याचे काम मात्र गावपातळीवरील कार्यकर्त्याच्या हातूनच व्हावयाचे, आणि चूक होते ती येथेच. भाताचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. मक्याच्या तुऱ्यातील पराग वाऱ्यावर उडून शेजारच्या ताटांच्या कणसांवर पडतो. त्यामुळे एकाच शेतातील प्रत्येक कणसाची घडण थोडी निराळी असते. दोन टपोरी कणसे निवडून आणली, तर तो त्या वाणाचा नमुना होत नाही. शेजारच्या शेतात बाजारचे बियाणे असेल तर बांधालगतच्या ओळी सोडून द्याव्यात. मधल्या भागातून, लहानमोठे असा भेद न करता, शक्य तर पन्नास ते शंभर ताटांचे एकेक कणीस घेऊन प्रत्येकाचे सारखे दाणे एकत्र करावेत. घरात टांगलेल्या कणसांतून नमुना घ्यावयाचा असल्यास सर्वांतून थोडे थोडे दाणे घ्यावेत. पुढील पेरणीचे बी मात्र कधीही उचलून आणू नये. असे करणारे उत्साही लोक आहेत, म्हणून हे सांगावे लागते.

दाण्यांइतकीच माहिती मोलाची आहे. वाणाचे बोलीतील नाव, पाडा, पेरणीचा महिना, किती दिवसांत तयार होतो, पावसाने ताण दिल्यास तगतो काय, भाकरीस चांगला की लाह्यांस, हे सर्व विचारावे. आणि ते घरातील बायकांना विचारावे, कारण बी निवडणाऱ्या पुष्कळदा त्याच असतात. शेतकऱ्याचे नाव नोंदवहीत अवश्य लिहावे. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यान्वये शेतकऱ्यास आपल्या वाणाची नोंदणी करून घेता येते. नाव गाळले गेले, तर वाण कोणी राखला याचा पुरावाच राहत नाही.

उपनगरांतील बंधूंनी हे आपले काम नव्हे असे समजू नये. आरे येथील व बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील पाड्यांवर पावसाळ्यात परसबागा फुलतात. तेथे कोणी घरचे मक्याचे बी राखले आहे काय, याची चौकशी करावी. दुकानातून आणलेले असल्यास तसेच नोंदवावे.

दाणे सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरावेत व कृषि विद्यापीठाकडे किंवा राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संपदा ब्युरोच्या अकोला केंद्राकडे पाठविण्याविषयी आधी विचारणा करावी. नावाची एक चिठ्ठी पिशवीच्या आत व एक बाहेर असावी. ती पेन्सिलने लिहावी. दमट हवेत शाई पसरते.